डब्याला लावलेली लाल चिठ्ठी

सोनवणेभाऊ, आज दुपारी किलवणीला तुमच्या घरी जाऊन आले. वहिनींना एक गोष्ट सांगायला गेले होते. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि अठरा दिवस ती गोष्ट माझ्यापाशी पडून आहे. तुम्ही त्या दिवशी जिना उतरून खाली कशाला निघाला होतात, हे आख्ख्या कंपनीत फक्त मला माहीत आहे. बाकी सगळे म्हणतात, सॅम्पल आणायला. पहिल्या दिवशी कोणीतरी तसं म्हणालं आणि मग तेच ठरून गेलं. मी ते खोडून काढलं नाही.

साहेबांनी तुमच्यावर चार ओळी लिहून मागितल्यात. नोटीस बोर्डावर लावायच्या आहेत, तुमच्या फोटोखाली. मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख असं काहीतरी त्यांना हवंय. ते मी उद्या खरडून देईन. हे त्यातलं नाही. हे तुमच्याशी बोलायचं म्हणून लिहितेय. टेबलाला टेबल लावून आपण सहा वर्षं बसलो आणि ती सगळी वर्षं एकाच विषयावर भांडलो. टेबलावर खावं की खाऊ नये. आता या वयात, या शिक्षणाचे दोघेजण असल्या गोष्टीवर सहा वर्षं भांडतात, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण भांडलो खरं. आणि शेवटी मी जिंकले, भाऊ. त्या जिंकण्याचं काय करू ते सांगा.

मी नाशिकहून मसाटच्या या धाग्याच्या कारखान्यात आले तेव्हा माझ्याकडे क्वालिटी खात्याची खुर्ची होती आणि अनुभव जेमतेम. तुमच्याकडे अनुभव होता आणि खुर्ची साधी. वयाने तुम्ही माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे, तरी पहिल्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणालात, आणि त्यात खोच नव्हती. खुर्चीत बसल्याबसल्या मला पहिलं काय दिसलं असेल तर तुमचा तो पत्र्याचा बिस्किटांचा जुना डबा. झाकणावरचं चित्र पुसून गेलेलं. झाकण निघताना टक्कन आवाज यायचा. आत शेव, चिवडा, दाणे, फुटाणे, कागदाच्या पुडीत गुळाचे खडे. मी म्हटलं, "हे ऑफिस आहे की वाण्याचं दुकान?" तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवलात.

मग तुमचं शास्त्र समजावून सांगितलंत. आपल्याकडे धाग्याच्या प्रत्येक लॉटचा एक रिपोर्ट निघतो. जाडी किती, ताकद किती, ताणला तर किती ताणतो. दिवसाला साठ-सत्तर रिपोर्ट, सगळ्यांवर तेच रकाने, आकडे फक्त कानामात्रेच्या फरकाने वेगळे. खालून मशीनची घरघर, बाहेर ऊन, आणि तीन वाजता डोळ्यांवर अशी झापड की आठाचा तीन दिसावा. तुम्ही टेबलाच्या कडेला दहा दाणे ओळीने मांडायचात. एक रिपोर्ट तपासला की एक दाणा तोंडात. दहा संपले की दोन घोट पाणी, मग पुढचे दहा. "डोकं आकड्यात राह्यलं पाहिजे ना मॅडम, तर तोंडाला काम द्यावं लागतं," तुम्ही म्हणालात. "तोंड रिकामं राह्यलं का बडबड सुरू होते, आन् हात मोबाईलकडे जातो." मी म्हटलं, याला खादाडपणा म्हणतात. तुम्ही म्हणालात, "काहीही बोलू राहिले तुम्ही. खादाड माणूस मोजून खातो का?"

हे उत्तर मला आजही खोडता येत नाही.

पण मला ऑफिसात खाणं मुळातच खपत नव्हतं. माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. पेन पेनाच्या जागी, फाइल फाइलच्या जागी. त्यात पहिल्याच वर्षी तो प्रकार झाला. एका गिऱ्हाइकाने आपला रिपोर्ट स्कॅन करून परत पाठवला, ताकदीच्या आकड्यावर पडलेल्या तेलकट अंगठ्याभोवती लाल गोल करून. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुम्हाला नाही, मला. मी बाहेर आले ती तणतणतच. सगळ्यांसमोर तुम्हाला नको ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून शेव, चिवडा बंद. फक्त कोरडं. भाजलेले दाणे, फुटाणे, गूळ. आणि बाजूला एक स्वच्छ फडकं, घडी घालून. त्या फडक्याला हात पुसल्याशिवाय तुम्ही पुन्हा कधी कागद उचलला नाहीत. तुम्ही अर्ध्यावर आलात, मी मात्र माझ्या जागेवरून एक पाऊल हलले नाही.

खोटं बोलतेय. हलले. दुसऱ्या वर्षीच हलले. तीन वाजले की माझा हात आपोआप तुमच्या टेबलाकडे जायचा. मी मान वर न करता दाणे उचलायची आणि तुम्ही मान वर न करता डबा इंचभर अलीकडे सरकवायचात. चार वाजता मी पुन्हा म्हणायची, "सोनवणेभाऊ, टेबलावर खायचं नाही." तुम्ही म्हणायचात, "हो मॅडम." समोरच्या टेबलावरच्या हेतलबेन तोंडाला रुमाल लावून हसायच्या. तुम्ही शिरपूरकडच्या तुमच्या गावाहून आलात की ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे तुमचे ते कडक पापड, आणायचात. त्या चावताना असा आवाज व्हायचा की खालच्या मशीन बंद पडल्यासारखं वाटायचं. साहेब केबिनमधून डोकावायचे. तुम्ही तोंड मिटून, गाल फुगवून, रिपोर्टात डोकं घालून बसायचात. पन्नाशी उलटलेला माणूस!

माझा घटस्फोटाचा कागद आला त्या दिवशीचं तुम्हाला आठवत असेल. कुरियर ऑफिसच्याच पत्त्यावर आलं. मी पाकीट फोडलं, वाचलं, आणि पुन्हा रिपोर्ट तपासायला घेतला. एकच ओळ वाचत होते. डोळ्यांतून पाणी कधी सुरू झालं कळलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत काय झालं. डबा सरकवलात, पाण्याची बाटली सरकवलीत, आणि हळूच म्हणालात, "आधी चार दाणे खा. मग रडा. उपाशीपोटी रडलं का डोकं दुखतं." मी खरंच खाल्ले. खात खात रडले. माझ्या वाटचे एकवीस रिपोर्ट त्या दिवशी तुम्ही तपासलेत आणि सह्यांसाठी माझ्यापुढे ठेवलेत. अथालच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन मी झोपले, आणि झोप लागली. आभार मानायचे राहिले. तेव्हा वाटलं, मानू कधीतरी. रोज तर भेटतो.

त्या माणसाच्या डब्याला मी लाल चिठ्ठी लावली.

त्याचं असं झालं. मोठं गिऱ्हाईक येणार होतं, त्यांचं ऑडिट ठरलं. साहेबांनी ऑफिस चकाचक करायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मला तर तेच हवं होतं. आपल्या कारखान्यात पद्धत आहे, तुम्हीच मला पहिल्यांदा समजावली होतीत. जागेवर जी वस्तू नको आहे तिला लाल चिठ्ठी लावायची, नोंदवहीत लिहायची, आणि खाली पॅकिंग हॉलमध्ये जिन्याच्या पायथ्याशी जो लाल रॅक आहे त्यावर नेऊन ठेवायची. सात दिवसांत मालकाने मागितली तर परत, नाहीतर भंगारात. मोडकी खुर्ची, बंद पंखा, जुने कॅलेंडर, असल्या वस्तूंसाठी ती पद्धत. आठवडाभर मी हातात चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन फिरत होते. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही साडेपाचला निघालात. मी थांबले. सगळी टेबलं तपासली. तुमच्या टेबलाशी आले, फडकं, पेन, फाइल, सगळं जागच्या जागी. आणि डबा. मी झाकण उघडलं. दाणे जवळजवळ काठोकाठ, वहिनी दर सोमवारी डबा भरून द्यायच्या आणि तो सोमवारच होता. मी दोन तोंडात टाकले, झाकण लावलं आणि चिठ्ठी चिकटवली. नोंदवहीत लिहिलं. वस्तू: पत्र्याचा डबा. कारण: अनावश्यक. खाली माझी सही. मला गंमत वाटत होती. तुमचा सकाळचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मी एकटीच हसत जिना उतरले.

मला माहीत नव्हतं, भाऊ. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज त्याचा काही उपयोग होत नाही. तुम्हाला सात वर्षांपासून साखरेचा आजार होता, रोज सकाळी त्याची गोळी होती, आणि वेळेवर पोटात काही गेलं नाही तर तुम्हाला घाम फुटायचा, हात कापायचे, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. कळू दिलं नाहीत. आधीच्या कारखान्यात तुम्ही खरं सांगितलं आणि दोन महिन्यांत काहीतरी निमित्त काढून तुम्हाला घरी बसवलं. म्हणून इथे आल्यावर तोंड मिटलंत. वार्षिक तपासणीच्या दिवशी दर वर्षी तुमच्या गावाकडे कोणीतरी आजारी पडायचं, त्यावरून मी तुम्हाला चिडवायचीसुद्धा. हे सगळं वहिनींनी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवत होते.

म्हणजे ते शास्त्र खोटं होतं का? तोंडाला काम दिलं की डोकं आकड्यात राहतं, ते? का दोन्ही खरं होतं? एक रिपोर्ट, एक दाणा. तुम्ही लक्ष टिकवत होतात की जीव, का तुमच्या लेखी त्यात फरकच नव्हता? हे विचारायचं आहे. आपण ठरवलं होतं ना, ऑडिट झालं की एक आठवडा तुम्ही खाऊन काम करायचं, एक आठवडा न खाता, आणि मी चुका मोजायच्या. एकदाचा निकाल लावून टाकू म्हणून. तुम्ही लगेच हो म्हणाला नव्हतात. "बघू," म्हणाला होतात. तेव्हा मला वाटलं, घाबरले हरायला.

सकाळी तुम्ही आलात, रिकामी जागा पाहिलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "लाल रॅकवर आहे. ऑडिट होईपर्यंत हलवायचा नाही, नोंदवहीशी ताळा घालणार आहेत. संध्याकाळी घेऊन जा." तुम्ही डोकं खाजवलंत. हसलात थोडं. मला हवा होता तो चेहरा तो नव्हता, पण तेवढ्यात ऑडिटवाले आले.

ते साडेनऊला आले आणि आपल्याच खोलीत ठाण मांडून बसले. ही फाइल दाखवा, तो रिपोर्ट काढा. साडेबाराची जेवणाची वेळ टळली. एक वाजला, दोन वाजले. कुणी जागचं उठायला धजेना. हेतलबेन नेमक्या रजेवर, नाहीतर त्यांचा खाखरा तरी होता. पँट्रीतला चहा सगळा पाहुण्यांच्या टेबलाकडे चाललेला. मी उपाशी होते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, एवढी मी रंगात होते. ऑडिटवाले माझ्या कपाटांकडे बघून मान डोलावत होते. तुम्ही तुमच्या जागी बसून रिपोर्ट काढून देत होतात.

तीनला दहा कमी असताना तुम्ही माझ्याकडे वाकलात. "मॅडम, जाऊन चार दाणे घेऊन येऊ का? पटकन."

आणि मी काय म्हणाले. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "सोनवणेभाऊ, अर्धा तास तोंड बंद ठेवलं तर जीव जाणार नाही तुमचा."

आपण रोज असं बोलतो. घरात बोलतो, दुकानात बोलतो. त्या बोलण्यात काही नसतं. मी तर ते हसून म्हटलं होतं, निदान मला तसं आठवतं. पण हसले होते की नाही, हे आता तुमच्याशिवाय कोण सांगणार.

तुम्ही म्हणालात, "बरं बरं. तुमचं चालू द्या." माझ्याशी बोललेले तुमचे शेवटचे शब्द. त्यानंतर दहा मिनिटं तुम्ही बसून होतात. फडक्याने कपाळ पुसत होतात. मला वाटलं, उकडतंय. मग उठलात. टेबलाची कड धरून क्षणभर थांबलात. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि मला वाटलं, नाटक करताय. मला चिडवायला अशी नाटकं तुम्ही पूर्वी केली होतीत. मी मान फिरवली आणि ऑडिटवाल्यांना पुढची फाइल दिली. मग जिन्यावरून तो आवाज आला.

पॅकिंगवाले धावले. मी वरच्या पायरीवर उभी होते. तुम्ही खाली पडला होतात आणि तुमच्या डोक्यापासून रॅक हाताच्या अंतरावर होता. कुणीतरी ओरडत होतं, "पानी लाओ, पानी लाओ." कंपनीची गाडी आली, तुम्हाला उचललं, साहेब गेले, पॅकिंगचे दोघे गेले. हॉलमध्ये गोंधळ होता. कुणाचं लक्ष नव्हतं. आणि भाऊ, मी काय केलं? मी खाली उतरले, रॅकवरचा डबा उचलला, त्यावरची लाल चिठ्ठी सोलून काढली, मुठीत चुरगाळली, आणि डबा वर आणून तुमच्या टेबलावर जागच्या जागी ठेवला. माझे हात हे सगळं इतकं नीट करत होते की मला माझीच भीती वाटली.

त्यानंतर तुम्ही तीन दिवस होतात. डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली उतरली होती, त्याने भोवळ आली असणार, पण खरा घात डोक्याच्या माराने केला. त्यांनी विचारलं, दुपारी काही खाल्लं होतं का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जेवायला उशीर झाला होता. तेवढंच म्हटलं. काचेतून तुम्ही दिसत होतात, नळ्या लावलेले. दिवसभर तोंड हलवणारा माणूस असा निपचित मला बघवेना. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले.

चौथ्या दिवशी तुमच्या टेबलावरचे रिपोर्ट मी आवरायला घेतले. त्या दुपारी तुम्ही तपासलेला शेवटचा गठ्ठा. दोन लॉटचे आकडे एकमेकांच्या जागी पडले होते, आणि तुम्ही दोन्हींवर बरोबरची खूण केली होतीत. खूणही वाकडी, ओळीच्या बाहेर गेलेली. सहा वर्षांत तुमची पहिली चूक. आपल्या पैजेचा निकाल माझ्या हातात होता. न खाता काम केलं तर काय होतं, ते तिथे लिहिलेलं होतं, आणि मोजायला मला एक आठवडा लागला नाही. मी ते दोन्ही कागद फाडले. नवे काढले, तपासले, तुमच्या जागी माझी सही केली. तुमच्या नावावर चूक राहू नये म्हणून केलं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. तुमच्यासाठी केलं की माझ्यासाठी, मला आजही ठरवता येत नाही.

ऑडिट पास झालं. अहवालात आपल्या खोलीबद्दल खास वाक्य आहे, टेबलं स्वच्छ, अनावश्यक वस्तू आढळल्या नाहीत. साहेबांनी ते वाचून दाखवलं, आणि मग दोन मिनिटं उभं राहून तुम्हाला श्रद्धांजली वाहिली, एकाच मीटिंगमध्ये. साहेब म्हणाले, "अरे, सांगायचं तरी होतं आजाराचं. आपण काय नाही म्हणणार होतो?" सगळ्यांनी माना हलवल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हो, म्हणालो असतो. मी तर आजार माहीत नसताना नाही म्हणाले. तुमचं सामान हेतलबेननी भरलं. चष्म्याचं घर, फडकं, डबा. डबा पिशवीत ठेवताना त्या रडल्या. "भाऊ वगर ऑफिस सूनुं लागे छे," म्हणाल्या, भाऊंशिवाय ऑफिस सुनं लागतं. हेतलबेन मोकळेपणाने रडतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

नोंदवहीतली ओळ मात्र तशीच आहे. तिचं पान मी फाडलेलं नाही. रोज सकाळी वही उघडते, ती ओळ वाचते, वही मिटते. अनावश्यक. माझं अक्षर किती सुंदर आलंय त्या पानावर! तीन वाजले की अजूनही डोळ्यांवर झापड येते. हल्ली सगळे आपापल्या टेबलावर काही ना काही ठेवू लागलेत, साहेबही काही म्हणत नाहीत. मी पाणीसुद्धा पीत नाही. आकडे दिसतात पण वाचता येत नाहीत, एकच ओळ तीनतीनदा तपासते आणि तरी खात्री वाटत नाही. संध्याकाळी खोलीवर जाते, भात लावते, आणि ताटापुढे बसून राहते. चार घास जातात कसेबसे. जगायचं म्हणून खाणं काय असतं, ते मला आत्ता कळतंय, आणि मला ते नको आहे.

म्हणून आज गेले. ठरवून गेले. अथालपासून किलवणीपर्यंत स्कूटीवर एकच वाक्य घोकत गेले, "वहिनी, डबा मी उचलला होता." एवढंच बोलायचं, मग त्या म्हणतील ते ऐकायचं. मारलं तर मार खायचा. दारात चपला काढतानाही ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

वहिनी एकट्याच होत्या. मुलगी बाजारात गेली होती. त्यांनी मला सतरंजीवर बसवलं, चहा टाकला, मी वाळले म्हणून रागावल्या. तुम्ही घरी माझ्याबद्दल काय काय बोलायचात ते सांगत बसल्या. "रोज तुमचं नाव असायचं ताई. आज मॅडमनी असं झापलं, आज मॅडमनी तसं झापलं. आन् हसायचे. मी म्हणायची, एवढं बोलून घेता का बरं एका पोरीचं? तर म्हणायचे, तिला बोलायला दुसरं कोण आहे इथं?" मी कपाकडे बघत होते. वाक्य अजून तोंडात होतं.

मग त्या उठल्या, आतून तुमचा डबा घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवला. झाकण उघडलं. दाणे तसेच, काठोकाठ.

"एक विचारू का ताई? मला रात्रंदिवस तेच येतंय मनात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खिशात गुळाचे दोन खडे टाकले होते. म्हटलं, साहेबलोक येऊ राहिले, जेवणाला उशीर व्हायचा. तर काढून ठेवले, इथं ओट्यावर. म्हणे, डबा आहे ना टेबलावर. मी म्हटलं, आन् तुमच्या मॅडमनी उचलून ठेवला तर? तर हसले. म्हणे, ती नुसती बोलते. माझ्या डब्याला हात नाही लावायची ती कधी."

भाऊ, असा भरवसा कशाला ठेवलात हो माझ्यावर?

"भरलेला डबा समोर होता," वहिनी म्हणाल्या. "घाम यायला लागला का त्यांना कळायचं. मग खाल्लं का नाही हो त्यांनी?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नाही. मी तोंड उघडलं.

"कामात होते," मी म्हटलं. "लक्षात नसेल राहिलं."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. मग भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे वळल्या, आणि त्यांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "एवढं काय काम होतं?" त्या तुम्हाला म्हणाल्या. "सात वर्षं सांगू राहिले मी, वेळेवर खा, वेळेवर खा. डबा भरून देऊ राहिले. हात पुढं करून चार दाणे तोंडात टाकायचे होते फक्त. तेवढंही नाही झालं तुमच्याच्यानं? पोरीचा विचार नाही केला, माझा नाही केला. असा कसा निष्काळजी माणूस माझ्या वाट्याला आला!"

त्या तुम्हाला बोलत राहिल्या, भाऊ, आणि मी खाली मान घालून चहा संपवला.